मेन रोडवर गाड्या बंद झाल्या तर दुकानाचं काय?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नाशिकच्या मेन रोडवर वडिलांच्या काळापासून कापडाचं दुकान आहे. धुमाळ पॉइंटपासून गाडगे महाराज पुतळ्यापर्यंतचा पट्टा कायमचा पायी चालणाऱ्यांसाठी करायचा, गाड्या पूर्ण बंद, अशी चर्चा तुमच्या कानावर आली आहे. शेजारच्या दुकानदारांनी विरोधाचं पत्रक काढलंय आणि तुमची सही मागितली आहे. गाडी दारात आली नाही तर गिऱ्हाईक कॉलेज रोडला नाहीतर मॉलला जाईल, ही तुमची धास्ती. सही करू का, असं तुम्ही विचारलंय.

मी बाजारपेठेतल्या रस्त्यांचे आराखडे करते. महापालिका, वाहतूक पोलीस आणि व्यापारी यांच्या मध्ये बसून. नाशिक माझं गावच, त्यामुळे हा रस्ता नकाशापेक्षा चपला झिजवून जास्त माहीत आहे. तरी धंदा वाढेल की घटेल हे मी लिहून देणार नाही. ते तुमच्या मालावर, तुमच्या गिऱ्हाइकावर आणि काम किती नीट होतं यावर ठरतं. कापड, चपला, कटलरी, खाण्याचे पदार्थ यांना चालत आलेलं गिऱ्हाईक फायद्याचं. ते रेंगाळतं, शेजारच्या दुकानात डोकावतं. भांडी बाजारातल्या दुकानदाराचं गणित वेगळं. लग्नाची भांडी घ्यायला आलेलं कुटुंब पातेली, परात, कळशा, घंगाळ असं दोन पोत्यांचं ओझं घेऊन निघतं. त्यांना दारात नाही तरी जवळ रिक्षा हवीच. तेव्हा ‘व्यापाऱ्यांचं म्हणणं’ असं काही एकच नसतं. पत्रक काढणाऱ्यांचं दुकान कशाचं आहे, हेही बघा.

माझ्या मते तुमचा खरा प्रश्न गिऱ्हाइकाच्या गाडीचा नाहीच. गाड्या बंद करायला एक फलक आणि दोन बॅरिकेड पुरतात. त्या गाड्यांवर आज जी कामं चालतात, म्हणजे माल येणं, सेल्समनचं येणं-जाणं, वरच्या मजल्यावरच्या आजींना दवाखान्यात नेणं, ती उद्या कुठल्या वेळी आणि कुठल्या जागेवरून होणार, हे ठरवणं अवघड. हे ज्यांनी आधी ठरवलं त्यांचे रस्ते चालले. ज्यांनी आधी फरशी निवडली, त्यांचे अडकले.

आधी तुमची मूळ भीती. दुकानासमोर आत्ता ज्या गाड्या लागतात त्या कोणाच्या, हे कधी मोजलंय का? एक वही घ्या. एका मधल्या वारी आणि एका शनिवारी सकाळी अकरा, दुपारी दोन, संध्याकाळी पाच आणि रात्री आठ वाजता समोरच्या दहा-पंधरा दुकानांपुढच्या गाड्यांचे शेवटचे चार आकडे लिहून काढा. जो नंबर चारही वेळा दिसेल ती गाडी गिऱ्हाइकाची नाही. ती मालकाची, सेल्समनची, नाहीतर माडीवरच्या ऑफिसातल्या कोणाची. शटर वर जातं, गाडी स्टँडवर चढते, दुपारी तिच्याच सीटवर कोणीतरी चहाचा ग्लास ठेवून मोबाइल बघत बसतं, आणि रात्री शटर खाली आल्यावर ती हलते. ज्या ज्या बाजारपेठेत मी ही मोजणी केली तिथे दुकानाच्या तोंडाशी असलेली सगळ्यात मोक्याची जागा अशाच गाड्यांनी दिवसभर अडवलेली निघाली. गिऱ्हाईक मात्र तीन चकरा मारून लांब कुठेतरी गाडी लावून आलेलं असतं. म्हणजे आजही ते चालतच येतंय, फक्त वैतागून.

दुकानदार गाडीवाल्या गिऱ्हाइकांचा अंदाज नेहमी जास्त धरतात. इंग्लंडमधल्या ब्रिस्टलमध्ये दुकानदारांना वाटत होतं की ४१ टक्के गिऱ्हाईक मोटारीने येतं; गिऱ्हाइकांनाच विचारल्यावर आकडा निघाला २२ टक्के. तो आकडा नाशिकला लावू नका, आपलं गाव दुचाकीचं आहे. पण दिंडोरी, निफाड, सिन्नरकडून बस्ता बांधायला येणारी मंडळी आठवा. ती एसटीने सीबीएसला किंवा निमाणीला उतरतात आणि पिशव्या सांभाळत गर्दीतून पायीच येतात. तुमच्या गल्ल्यात त्यांचा वाटा किती, हे कोणत्याही सल्लागारापेक्षा तुमचं बिलबुक चांगलं सांगेल. महिनाभर प्रत्येक बिलाच्या मागे एक अक्षर लिहा: गाडी, बस, रिक्षा की पायी.

आता दुचाकी. पादचारी रस्त्याच्या चित्रात तोंडाला सुबक खांब दाखवतात आणि गाडी आत येणार नाही असं सगळे गृहीत धरतात. मोटार अडते, दुचाकी अडत नाही. व्हीलचेअरला जायला साधारण ९० सेंटिमीटरची फट सोडावी लागते आणि आपल्या स्कूटरचं हँडल सत्तरच्या आसपास असतं. फट कमी केली तर अपंग माणूस आणि बाबागाडी बाहेर राहते, ठेवली तर स्कूटर आत येते. दुचाकी थांबते ती दोनच गोष्टींनी: तोंडापाशी गाडी लावायला खात्रीची जागा, आणि सुरुवातीचे काही आठवडे तिथे न कंटाळता उभा असलेला माणूस. जागा आधी, माणूस नंतर. जागा न देता माणूस उभा केला की रोज भांडणं होतात आणि पंधरा दिवसांत तो सावलीला जाऊन बसतो.

ती जागा कुठे? भालेकर मैदान आहे, रविवार कारंज्याच्या यशवंत मंडईच्या जागी बहुमजली पार्किंग करायची चर्चा जुनीच आहे. बैठकीत ‘पार्किंग करू’ यावर मान डोलवू नका. किती दुचाकी, तिथून दुकानापर्यंत किती मिनिटं, आणि रस्ता बंद होण्याच्या आदल्या दिवशी ती जागा चालू असेल का, एवढे तीन प्रश्न विचारा. दुकानदार आणि कामगारांच्या गाड्यांना लांबची, महिन्याच्या पासाची जागा द्यायची आणि जवळची जागा तासाच्या दराने गिऱ्हाइकाला ठेवायची. व्यापारी संघटनेने हे स्वतःहून सुचवलं तर अर्धी लढाई जिंकली असं मी समजते, पण क्वचितच कोणी सुचवतं. स्वतःची गाडी लांब लावायला मालकही तयार नसतो.

मालाचं काम घड्याळावर बसवता येतं. सकाळी दहापर्यंत छोटा हत्ती, टेम्पो आत, त्यानंतर हातगाडी. हमाल मंडळींना बैठकीला बोलवा, कारण ओझं कुठे उतरलं की किती वेळ लागतो हे त्यांनाच माहीत असतं. भांड्यांचा प्रश्नही तसाच सुटतो: दुकानातून हातगाडीवर, हातगाडी ठरलेल्या रिक्षा थांब्यापर्यंत, आणि तो खर्च दुकानदारांनी मिळून उचलायचा. सराफांची तिजोरीची गाडी, गॅसच्या टाक्या, रुग्णवाहिका, राहणाऱ्यांच्या गाड्या यांना स्टिकर आणि ठरलेली तोंडं. अग्निशमनच्या बंबासाठी मध्ये सलग मोकळी पट्टी राखावीच लागते. मी कमीत कमी चार मीटर धरते आणि अंतिम शब्द अग्निशमन दलाचा मानते. त्या पट्टीत बाकडं नाही, कुंडी नाही, ओढलेला मांडवही नाही.

दिल्लीच्या चांदनी चौकाचं उदाहरण तुम्हाला नक्की कोणीतरी देईल. लाल किल्ल्यापासून फतेहपुरी मशिदीपर्यंतचा तो रस्ता नव्याने करून सप्टेंबर २०२१ मध्ये खुला झाला. सकाळी ९ ते रात्री ९ मोटार वाहनांना बंदी, सायकल रिक्षा चालू. दगडी काम देखणं झालं. पण लक्ष ढिलं पडलं तशा बंदीच्या वेळेत दुचाकी आणि ई-रिक्षा शिरायला लागल्या, आणि तक्रारी सुरू झाल्या. चेन्नईच्या पॉन्डी बझारमध्ये २०१९ मध्ये वेगळा मार्ग काढला: गाड्या पूर्ण बंद न करता त्यांची पट्टी अरुंद केली आणि पदपथ प्रशस्त केले. मेन रोडला तेवढी रुंदी नाही, म्हणून आपल्याकडे वेळेवर चालणारी बंदीच जास्त व्यवहार्य वाटते.

पुण्याचा लक्ष्मी रोडही निघेल. तिथे ११ डिसेंबर २०२१ला महापालिकेने पादचारी दिन केला आणि पुढे दरवर्षी करते. लोकांना गाड्यांशिवायचा रस्ता दाखवायला उपक्रम छान आहे, पण एका दिवसावरून धंद्याचं काही कळत नाही. त्या दिवशी माणसं रस्ता बघायला येतात, साडी घ्यायला नाही. आपल्या दिवाळीतल्या वाहनबंदीचंही तेच, उलट्या बाजूने: दिवाळीत मेन रोडला गाड्या असल्या काय नि नसल्या काय, गर्दी होणारच.

म्हणून कमीत कमी महिनाभराचा प्रयोग मागा. कायद्यात सोय आहे. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ११५ खाली वाहनांवर निर्बंध घालता येतात, आणि ते एक महिन्यापेक्षा जास्त नसतील तर राजपत्रातल्या अधिसूचनेची गरज नसते, स्थानिक प्रसिद्धी पुरते. खर्च बॅरिकेड, रंग, भाड्याची बाकडी आणि माणसं एवढाच. न्यूयॉर्कने टाइम्स स्क्वेअर २००९ मध्ये बंद केला तेव्हा साध्या बागेतल्या घडीच्या खुर्च्या टाकून सुरुवात केली होती. पक्कं बांधकाम नंतर झालं.

महिना कोणता, यात मात्र गंमत आहे. पितृपक्षात प्रयोग केला तर गल्ला रिकामा राहणार आणि दोष रस्त्याला लागणार. गणपती-दिवाळीत केला तर श्रेय फुकट रस्त्याला. ऐन लग्नसराईतही नको. मकरसंक्रांत होऊन गेल्यावरचा एखादा शांत महिना बरा: पाऊस नाही, ऊन सोसण्यासारखं. आणि गेल्या वर्षीशी तुलना तारखेने करू नका. मोठा सण पुढे-मागे सरकला किंवा अधिक महिना आला की तारखेची तुलना फसते. कापडवाल्याला हे सांगायची गरज नाही. विक्रीचे आकडे महापालिकेला दाखवायला कोणी तयार नसतं, ते मी समजू शकते. मग रोजच्या बिलांची नुसती संख्या द्या. रुपये नकोत.

आता ज्या गोष्टीवर तुम्ही पाय रोवून उभं राहावं ती. दुकानाचा उंबरा.

आपल्याकडे रस्ता ‘सुशोभित’ करताना जुना थर पूर्ण उखडत नाहीत, त्याच्यावरच काँक्रीट किंवा फरशी चढवतात. रस्ता वीतभर वर येतो आणि दोन पायऱ्या चढून जायचं दुकान रस्त्याच्या पातळीला येतं, कधी खालीही जातं. सराफ बाजार आणि दहीपुलाकडे जोराच्या पावसात पाणी कसं शिरतं ते तुम्ही दरवर्षी बघता. झाकलेला सरस्वती नाला त्याच भागातून जातो, आणि गोदावरीला पूर असला की त्याला पाणी टाकायला जागाच उरत नाही. अशा ठिकाणी रस्त्याची पातळी हा धंद्याच्या मरणजगण्याचा प्रश्न. गाड्यांचा नंबर त्यानंतर. काम सुरू होण्याआधी अभियंत्याला दुकानासमोर उभं करा आणि तयार रस्त्याची पातळी तुमच्या ओट्यावर ऑइलपेंटने रेघ मारून घ्या. फोटो काढा, तारखेसह. रेघ मारायला टाळाटाळ झाली तर समजा की पातळी अजून ठरलेलीच नाही. आणि पाण्याच्या, ड्रेनेजच्या लायनी, विजेच्या केबल आधी, फरशी शेवटी. नाहीतर सहा महिन्यांत तीच फरशी उखडून ढिगात पडलेली दिसेल.

फरशीबद्दल एवढंच: चकचकीत ग्रॅनाइट नको, खरबरीत हवा. पावसाचं पाणी आणि गुलाल एकत्र आले की गुळगुळीत दगडावर ढोल घेतलेला पोरगा पहिला पडतो.

गुलालावरून आठवलं, हा रस्ता मिरवणुकीचा आहे हे आराखडा करणारा बाहेरचा असला तर विसरतो. वाकडी बारवेपासून निघालेली विसर्जन मिरवणूक बादशाही कॉर्नर, गाडगे महाराज पुतळा, मग गो. ह. देशपांडे पथ, म्हणजे तुमचाच मेन रोड, आणि धुमाळ पॉइंटवरून पुढे जाते. मध्यभागी पक्क्या कुंड्या आणि दिव्यांचे खांब लावले तर पहिल्या अनंत चतुर्दशीलाच त्यातल्या काही जातील. जे मध्ये असेल ते उचलता आलं पाहिजे. फरसबंदी पुढे तिवंधा चौकाकडे न्यायची झाली तर तिथल्या रहाडीचा, म्हणजे रंग खेळायच्या जमिनीतल्या जुन्या हौदाचा, विचार करावा लागेल. रंगपंचमीला ती उघडायची असते, वर्षभर तिच्यावरून रस्ता चालतो. खरं तर चौक काही दिवस गाड्यांशिवाय कसा चालवायचा हे जुन्या नाशकाला कोणी शिकवायला नको.

गर्दीच्या सुरक्षेची बाजू कमी बोलली जाते. २७ ऑगस्ट २००३ला सिंहस्थात सरदार चौकात चेंगराचेंगरी होऊन ३९ माणसं गेली. अरुंद उताराच्या रस्त्यावर गर्दी अडली की बाजूला सुटायला वाट लागते. गाड्या बंद केलेल्या बाजारात त्या वाटा म्हणजे आजूबाजूच्या गल्ल्या. त्यांची तोंडं हातगाड्या, जाहिरातींचे फलक आणि तिथेच लावलेल्या दुचाकींनी बुजली, तर रस्ता पूर्वीपेक्षा धोक्याचा होईल. मार्च २०२१ अखेरीस करोनाच्या दिवसांत पोलिसांनी याच भागातल्या बाजारात शिरायला तासाला पाच रुपयांची पावती लावली होती, आठवतं ना? त्या निर्णयावर हसू आलं असेल, पण त्या वेळी कुठलं तोंड कसं सांभाळायचं याची तालीम झालेली आहे. ती माहिती आराखड्यात वापरावी.

फेरीवाल्यांशी भांडून हा रस्ता होणार नाही. गाड्या गेल्या आणि मोकळी झालेली जागा कोणाची हे ठरलं नाही, तर ती चार दिवसांत भरते. २०१४ च्या पथविक्रेता कायद्यात सर्वेक्षण, प्रमाणपत्र आणि नगर पथविक्रेता समितीची तरतूद आहे, समितीत किमान ४० टक्के प्रतिनिधी विक्रेत्यांमधून निवडलेले असावे लागतात. आखलेल्या चौकटी, ठरलेली माणसं, दुकानाच्या दारासमोर सोडलेली वाट. शिवाय पिना, क्लिपा, रुमाल विकणारा माणूस गिऱ्हाइकाला तुमच्या दारापर्यंत आणतो, हेही ध्यानात घ्या. आणि बायकांसाठी स्वच्छतागृह. अख्ख्या खरेदीत पाणी न पिता फिरणाऱ्या बायका तुमच्या गिऱ्हाईक आहेत. त्या दोन तास थांबाव्यात असं वाटत असेल तर हे फरशीच्या आधी हवं.

बंद पडलेले प्रयोग नाहीत का? भरपूर आहेत. अमेरिकेत कॅलमाझू गावाने १९५९ मध्ये मुख्य बाजाररस्ता पादचाऱ्यांसाठी केला, त्याचं कौतुक झालं, आणि १९९८ मध्ये तिथे गाड्या पुन्हा सुरू झाल्या. तिकडे माणसं गावाबाहेर राहायला गेली होती, बाजार त्यांच्यामागे गेला, मधला रस्ता ओस पडला. गाड्या काढून माणसं येत नसतात. माणसं आधीच असावी लागतात. मेन रोडवर ती आहेत, पेठांमधून राहणारीही आहेत. तुमच्याकडे गर्दीत गाड्या अडकतात. ही स्थिती अनुकूल आहे, पण तेवढ्यावर भागत नाही. त्र्यंबक नाका ते अशोक स्तंभ हा जेमतेम १.१ किलोमीटरचा स्मार्ट रोड होताना काम किती लांबलं आणि तिथल्या दुकानांनी काय सोसलं ते तुम्ही पाहिलंय. माझ्या हिशेबात तुम्हाला सगळ्यात मोठा धोका या खणलेल्या काळाचा आहे. म्हणून पक्कं काम झालंच तर तुकड्यातुकड्यांनी, एका वेळी पन्नास-साठ मीटर, आणि दारापर्यंत जायला रोज फळी टाकलेली.

यश मिळालं तर त्याचीही किंमत असते. भाडी चढतात. पागडीचे जुने भाडेकरू बऱ्यापैकी सुरक्षित, पण अकरा महिन्यांच्या करारावरचा छोटा दुकानदार आधी उठतो. तुमचं दुकान स्वतःचं आहे की भाड्याचं हे तुम्ही लिहिलं नाहीये. दुसरं असेल तर मालकाशी आत्ताच लांब मुदतीचं बोलून घ्या.

तर सहीचं. विरोधाच्या पत्रकावर करू नका, आणि कोणी समर्थनाचं काढलं तर त्यावरही नको. सरसकट विरोध नोंदवला की पुढच्या बैठकीला तुम्हाला बोलवत नाहीत, आणि पातळीची रेघ तुमच्या मागे कोणीतरी ठरवून टाकतो. आठ-दहा दुकानदार मिळून वेगळं पत्र द्या, आयुक्तांना आणि वाहतूक शाखेच्या उपायुक्तांना, दोन्हीकडे पोच घेऊन. त्यात लिहा की महिनाभराच्या प्रयोगाला आमची हरकत नाही, पण पार्किंग आधी चालू हवं, मालाची वेळ लेखी हवी, आणि पक्कं काम ठरलं तर रस्त्याची पातळी आमच्या उंबऱ्यापेक्षा किती खाली राहील हे सेंटिमीटरमध्ये हवं. सोबत नंबरांची वही जोडा. आपल्याच दुकानांपुढच्या गाड्यांची मोजणी करून आणणारे व्यापारी मी बैठकांमध्ये फार कमी पाहिलेत, आणि जेव्हा पाहिले तेव्हा समोरच्यांनी फाईल बाजूला ठेवून त्यांचं ऐकलंय.